पुन्हा रुजू

इंग्रजी शब्दांना आमच्या लाखनीत यायला फारसे सायास पडत नाहीत. मुंबईहून कोलकात्याला जाणारा महामार्ग गावाच्या अंगावरूनच जातो. इंग्रजी अमदानीत त्याला ग्रेट ईस्टर्न रोड म्हणत. पुढे तो सहा नंबरचा हायवे झाला, आणि आता कागदोपत्री तो त्रेपन्न नंबरचा आहे. नंबर बदलले तरी रस्ता तोच. भंडाऱ्याकडून साकोलीकडे धावणाऱ्या मालमोटारींनी जाता जाता कितीतरी शब्द आमच्या पानठेल्यांवर उतरवून ठेवले आहेत. पंक्चर, क्लीनर, ओव्हरलोड हे शब्द इंग्रजी आहेत असे सांगितले तर आमच्याकडची म्हातारी माणसे हसतील.

पण काही शब्द रस्त्याने न येता आभाळातून येतात. ‘रिजॉइन’ हा त्यांपैकी एक. २०२० साली साथीमुळे शाळा बंद पडल्या आणि वर्ग मोबाइलच्या पडद्यावर भरू लागले. रेंज गेली की मूल वर्गाबाहेर फेकले जाई आणि पडद्यावर हा शब्द उमटे. त्याच्यावर बोट ठेवले की पुन्हा वर्गात. बांधीच्या धुऱ्यावर उभे राहून, हात उंच करून रेंज शोधणाऱ्या पोरांनी तो शब्द त्या दिवसांत किती वेळा दाबला असेल याची गणती नाही. शाळा उघडल्यावर त्यांतल्याच एकाने मला विचारले, “सर, रिजॉइन म्हंजे का जी?”

‘पुन्हा जोडले जाणे’, मी सांगितले. त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, “म्हंजे सुटीवरून आल्यावर तुमी रुजू होता, तसं?”

पोराने नकळत दोन शब्द शेजारी शेजारी आणून बसवले. दोन्ही परके, दोन्ही कचेरीतले, दोन्ही रोजच्या वापरातले. मॅट्रिकच्या परीक्षेपलीकडे पदव्यांशी माझा कधी संबंध आला नाही, त्यामुळे भाषाशास्त्र माझ्याकडे रीतसर आलेले नाही. पण कोश चाळण्याला पदवी लागत नाही, आणि शब्दाचे मूळ शोधणे हे एखाद्या माणसाचे गाव विचारण्यासारखे आहे. गाव कळले की माणूस थोडा उलगडतो.

‘रिजॉइन’चे गाव पाहायला गेलो तर इंग्रजी हे त्याचे शेवटचे मुक्कामाचे ठिकाण निघते. तेथे तो फ्रेंचांकडून आला. त्यातला ‘रि’ म्हणजे पुन्हा, किंवा मागे परतून. आणि उरलेला ‘जॉइन’ लॅटिनमधल्या ‘युंगेरे’ या क्रियापदाचा वंशज आहे. ‘युंगेरे’ म्हणजे जोडणे खरे, पण ते जोडणे डिंकाने कागद चिकटवण्याचे नव्हे. ‘युगुम’ म्हणजे बैलांच्या खांद्यावरचे जू, आणि ‘युंगेरे’ हे त्याच घरातले क्रियापद. जू ठेवून दोन जनावरांना एकत्र जुंपणे, हा त्या शब्दाच्या मुळाशी असलेला अर्थ.

सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे सांगितले की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मूळ भाषेच्या लेकी असाव्यात. हे जू त्या नात्याचे चांगले साक्षीदार आहे. लॅटिनमध्ये युगुम, ग्रीकमध्ये झुगॉन, इंग्रजीत योक, आणि संस्कृतात युग. सत्य, त्रेता, द्वापर या प्रचंड शब्दाचा पहिला अर्थ खांद्यावरचे लाकूड असा होता. संस्कृत ‘युग’ प्राकृतात ‘जुअ’ झाले आणि आमच्या गोठ्यात येईपर्यंत झिजून ‘जू’ उरले. जुवाला बांधायचे जोते संस्कृत ‘योक्त्रा’पासून आले. म्हणजे योग, संयोग, वियोग, प्रयोग, उद्योग अशी ही मोठमोठी मंडळी ज्या कुळातली, त्याच कुळातला एक गरीब भाऊ दावणीजवळ भिंतीला टेकून उभा आहे. गोंदियाच्या आणि तुमसर रोडच्या पाट्यांवरचे ‘जंक्शन’सुद्धा त्याच्याच नात्यातले.

हे जू सगळीकडे भलेच होते असेही नाही. ख्रिस्तपूर्व ३२१ साली कॉडिन खिंडीत सॅम्नाइट लोकांनी रोमन सैन्याला कोंडीत पकडले आणि भाल्यांचे जू करून त्याखालून एकेका सैनिकाला वाकून जायला लावले. एखाद्याला अंकित करणे या अर्थाचा इंग्रजी शब्द या ‘जुवाखाली’ नेण्यावरूनच आला आहे. तेव्हा जोडणे आणि दडपणे ही दोन्ही कामे एकाच लाकडाने होऊ शकतात. फरक एवढाच, की जोडताना जू दोन खांद्यांवर असते. दडपताना एकाच्याच मानेवर.

कोर्टाने या शब्दाची आणखीच मौज केली आहे. इंग्रजीत ‘रिजॉइन’चा जुना अर्थ पुन्हा एकत्र येणे हा नव्हेच, तो आहे उलट उत्तर देणे. जुन्या इंग्रजी न्यायालयात वादीने म्हणणे मांडावे, प्रतिवादीने त्याला उत्तर द्यावे, वादीने त्यावर प्रत्युत्तर द्यावे, आणि मग प्रतिवादीने जो टोला परतवायचा त्याला ‘रिजॉइंडर’ म्हणत. तेथेही ही मालिका थांबत नसे. आपल्याकडे आता बहुधा अर्जदाराच्या प्रत्युत्तरालाच रिजॉइंडर म्हणतात. जमिनीच्या दाव्यात गुंतलेल्या आमच्याकडच्या शेतकऱ्याला हा शब्द तोंडपाठ असतो. वकिलाने रिजॉइंडर टाकला, असे तो मोठ्या समाधानाने सांगतो. पुन्हा जोडण्याचा शब्द आणखी तोडण्यासाठी वापरला जात आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. आणि सांगून त्याचे समाधान तरी का घालवावे?

आता दुसरा शब्द. ‘रुजू’ आपल्याकडे अरबीतून फारसीमार्गे आला. कचेरीत त्याचे सारे गणगोत नांदते आहे. हजर, रजा, बदली, बडतर्फ, राजीनामा ही सगळी त्याच वाटेने आलेली मंडळी. शिवकालात राज्यव्यवहारकोश रचून फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले, तरी ही मंडळी खुर्च्या सोडून उठली नाहीत. ‘रजा’ म्हणजे मुळात संमती, खुशी. ‘बडतर्फ’ म्हणजे बाजूला सारलेला. आणि ‘रुजू’ म्हणजे परत येणे, मूळ ठिकाणी वळणे. मोल्सवर्थचा १८५७ सालचा कोश किंवा माधव जूलियनांनी १९२५ साली केलेला फारसी-मराठी कोश जवळ असला की अशा शब्दांच्या सोबतीत पावसाळ्याची एखादी दुपार कशी निघून जाते ते कळत नाही.

गंमत पाहा. नव्या नोकरीवर पहिल्यांदाच आलेला माणूस ‘रुजू झालो’ असे लिहून देतो. मूळ अर्थाने पाहिले तर तो म्हणतो, ‘मी परत आलो.’ जो कधी गेलाच नव्हता, तो परत कसा येईल? आणि रजेवरून आलेला ‘पुन्हा रुजू झालो’ असे लिहितो, म्हणजे पुन्हा परत आलो. शब्दाला हिशेब कळत असता तर त्याने दोघांचेही अर्ज परत पाठवले असते. अरबीत याच धातूचे एक रूप, मृत्यूची वार्ता ऐकल्यावर मुसलमान मंडळी जे वाक्य उच्चारतात त्याच्या शेवटी येते. आपण देवाचे आहोत आणि त्याच्याकडेच परतणार आहोत, असा त्याचा भाव. आणि मुस्लिम कुटुंबकायद्यात तलाक दिल्यावर ठरलेल्या मुदतीत पती पत्नीला परत स्वीकारतो, त्यालाही रुजूच म्हणतात. आमच्या मस्टरावरच्या सहीजवळ बसलेला हा एवढासा शब्द किती मोठ्या घरचा आहे!

तेव्हा एक शब्द जुवाची आठवण ठेवणारा, दुसरा वाटेची. एक म्हणतो, दोन खांदे हवेत. दुसरा म्हणतो, निघालेले ठिकाण माहीत हवे. पुन्हा जोडले जाण्यासाठी दोन्हीही लागतात, आणि या दोन्हींच्या पोटात एक अवघड शब्द लपलेला आहे. तो म्हणजे ‘पुन्हा’. पुन्हा म्हणणारा आधी काहीतरी होते असे गृहीत धरतो. ते खरोखर होते का, हा प्रश्न आपल्याकडे एकदा भर न्यायालयात विचारला गेला, आणि तो एका मराठी मुलीच्या आयुष्याचा प्रश्न होता.

रखमाबाईंचे नाव आपल्या वाचकांना परके नाही. त्यांचा जन्म १८६४ चा, मुंबईचा. अकराव्या वर्षी त्यांचे दादाजी भिकाजी यांच्याशी लग्न लावले गेले. पण त्या आईकडेच, आपले सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी वाढल्या, शिकल्या. सासरी नांदायला त्या गेल्याच नाहीत. १८८४ साली दादाजींनी मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. त्या दाव्याचे इंग्रजी नाव वैवाहिक हक्कांच्या ‘पुनःस्थापने’चे होते. वैवाहिक या अर्थाचा जो शब्द त्या नावात आहे, त्याच्याही पोटात जूच आहे. दोघांनी एका जुवाखाली येणे.

न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ च्या सप्टेंबरात दावा फेटाळला. त्यांच्या विचारातला एक मुद्दा अगदी शब्दाचा होता. जे दांपत्य कधी एकत्र राहिलेच नाही, त्याच्या बाबतीत पुनःस्थापना हे नावच चुकीचे आहे, असे त्यांचे म्हणणे. जे स्थापन झालेच नाही ते पुन्हा काय स्थापायचे? अजाणत्या वयात लग्न लागलेल्या आणि जाणत्या वयात नकार देणाऱ्या तरुण स्त्रीला जबरीने एका पुरुषाकडे पोहोचवणे, त्यांना माणुसकीला सोडून वाटले. एका ‘पुन्हा’ने त्या दिवशी एका बाईची बाजू राखली.

पण ती फार काळ राखता आली नाही. अपिलात प्रकरण परत पाठवले गेले, आणि १८८७ च्या मार्चात न्यायमूर्ती फॅरन यांनी निकाल दिला की एक तर पतीकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी सांगितले की मी तुरुंग पत्करीन. केवढा गहजब झाला त्या काळी! अखेर १८८८ साली दादाजींना दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. रखमाबाई १८८९ मध्ये इंग्लंडला गेल्या, डॉक्टर झाल्या, आणि परत येऊन सुरतेत व राजकोटात त्यांनी वर्षानुवर्षे स्त्रियांची सेवा केली. त्यांच्या खटल्याने पेटलेल्या चर्चेतूनच १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला बळ मिळाले. १९५५ च्या सप्टेंबरात, नव्वदी ओलांडून, त्यांनी देह ठेवला. आणि योगायोग असा, की त्याच वर्षीच्या मे महिन्यात हिंदू विवाह कायदा अमलात आला होता. त्याच्या नवव्या कलमात ती ‘पुनःस्थापना’ आजही आहे. परदेशी जाऊन त्या मायदेशी परतल्या, कामावर रुजू झाल्या. ते मात्र खरेखुरे रुजू होणे होते. त्यात जबरी नव्हती.

जबरीने पुन्हा जोडता येत नाही, ही गोष्ट आपल्या जुन्या धर्मशास्त्रकारांना भावाभावांच्या बाबतीत चांगली ठाऊक होती. वाटण्या कशा कराव्यात याचे त्यांनी पानेच्या पाने नियम केले. पण वाटण्या झाल्यावर पुन्हा एकत्र येणाऱ्यांसाठीही त्यांनी एक शब्द ठेवला आहे, संसृष्टी. बृहस्पतीच्या नावावरचे वचन असे सांगते, की एकदा विभक्त झालेला माणूस जेव्हा बापाशी, भावाशी किंवा चुलत्याशी प्रीतीने पुन्हा एकत्र राहू लागतो तेव्हा तो संसृष्ट म्हणावा. बाराव्या शतकाच्या आसपास कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात विज्ञानेश्वराने लिहिलेल्या मिताक्षरेने हे नियम पुढे चालवले. कोणाकोणाशी संसृष्टी होऊ शकते यावर पुढच्या टीकाकारांत मतभेद झाले. सतराव्या शतकातल्या नीलकंठभट्टांच्या व्यवहारमयूखाने ही यादी थोडी सैल केली. पण दोन गोष्टी कायम राहिल्या. जे आधी एकत्र होते आणि ज्यांच्यात वाटणी झाली, तेच पुन्हा एकत्र येऊ शकतात. आणि नुसते एका छपराखाली राहून भागत नाही.

मला या व्याख्येतला ‘प्रीतीने’ हा शब्द फार मोलाचा वाटतो. मिळकतीचे नियम सांगणाऱ्या रुक्ष ग्रंथात, खांबामागे उभी राहिलेली लाजरी पाहुणी दिसावी तसा तो दिसतो. वाटणीला पंच लागतात, पटवारी लागतो, मोजणी लागते. तिला प्रीती लागत नाही. ती लागते पुन्हा एकत्र येताना.

हे पुस्तकात वाचण्याआधी मी आमच्या घरात पाहिले होते. माझे बाबा आणि मोठे बाबा वेगळे झाले तेव्हा मी लहान होतो. पंच बसले. बांध्या वाटल्या, तलावाच्या पाण्याची पाळी वाटली, भांडी वाटली, आणि बैलजोडी एकच असल्यामुळे एकेक बैल वाटला. राजा आमच्याकडे आला, चांद्या मोठ्या बाबांकडे गेला. नांगर आमच्या ओसरीत, जू त्यांच्या गोठ्यात. सगळे न्यायाने झाले. फक्त एका बैलाने नांगर चालत नाही, एवढीच एक गोष्ट कोणी बोलून दाखवली नाही.

मृग आला, पाऊस पडला, पऱ्हे तरारून वर आले, आणि दोन्ही घरांत शांतता. बोलायचे कोणी? शेवटी एका सकाळी मोठे बाबा चांद्याला घेऊन, खांद्यावर जू टाकून आमच्या अंगणात उभे राहिले. बाबांकडे न बघता ते राजाला म्हणाले, “चल रे बाबा, चिखलणीले उशीर होते.” बाबांनी काही न बोलता नांगर उचलला. त्या वर्षी दोघांनी सावड केली. एक दिवस यांची बांधी, एक दिवस त्यांची. पुढचे दोन हंगाम त्यांच्यातली सगळी बोलणी बैलांच्या कानांतून होत होती. “राजा, उद्या वरच्या बांधीत जायचं हाये.” “चांद्या, आमाले परवा बाजार हाये.” बैल गरीब, दोन्हीकडचे निरोप मुकाट ऐकून घेत. आजी मात्र पदराआड हसे.

पोळ्याच्या आदल्या सांजेला आमच्याकडे खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलांच्या खांद्याला लोणी-हळद लावून ते शेकायचे, आणि उद्या जेवायला या असे आमंत्रण त्यांना द्यायचे. वेगळे झाल्यावरच्या तिसऱ्या पोळ्याला मोठे बाबा लोण्याची वाटी घेऊन आमच्याकडे आले. चांद्याचा खांदा शेकून झाला होता. ते राजाचा शेकायला आले होते. “यानं बी माझीच बांधी ओढली,” एवढेच ते म्हणाले. बाबांनी त्यांना बसायला पाट दिला. त्या रात्री दोघे भाऊ बराच वेळ बोलत बसले होते. काय बोलले ते मला ठाऊक नाही.

कायद्याच्या दृष्टीने आमच्या घरी संसृष्टी झाली नाही. सातबारे वेगळेच राहिले, चुली दोनच राहिल्या, आणि आजही आम्ही चुलतभाऊ वेगळेच आहोत. पण बाबा एका रोवणीत तापाने पडले तेव्हा मोठ्या बाबांनी आधी आमच्या बांध्या रोवल्या आणि मग स्वतःच्या. वाटणीच्या कागदात असे काही लिहिलेले नव्हते.

मी कादंबऱ्या लिहितो, तेव्हा या गोष्टीतली मेख मला चांगली कळते. शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना एकत्र आणण्याचा मोह लेखकाला फार होतो. हिंदी चित्रपटाने तर त्याचे शास्त्रच बनवले. १९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’त लहानपणी ताटातूट झालेले तीन भाऊ तीन धर्मांत वाढतात आणि शेवटी एक होतात, प्रेक्षक डोळे पुसत घरी जातात. मीही गेलो आहे. पण भाऊ भेटल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काय झाले, हे पडद्यावर कोणी दाखवत नाही. पाणी आधी कोणी तापवायचे, बापाच्या औषधाचे पैसे कोणी द्यायचे, कोणाच्या खोलीत ऊन जास्त येते? मिठी मारणे म्हणजे भेटणे. पुन्हा जोडले जाणे त्या सकाळपासून सुरू होते.

आमच्या जिल्ह्यालाही या शब्दाचा अनुभव आहे. १८६१ मध्ये मध्यप्रांत झाला, त्यात भंडारा गेला. १९५३ च्या २८ सप्टेंबरला नागपूर करार झाला, १९५६ च्या १ नोव्हेंबरला आम्ही मुंबई राज्यात आलो आणि १९६० च्या १ मे रोजी महाराष्ट्रात. ‘संयुक्त महाराष्ट्र’ या घोषणेतला ‘युक्त’सुद्धा जुवाच्याच घरातला. पुढे १९९९ च्या १ मे रोजी गोंदिया वेगळा जिल्हा झाला. राज्यकर्ते जोडतात, तोडतात. त्याची कारणे त्यांना ठाऊक, आणि त्यावर पानठेल्यावर वाद घालायला आम्ही मोकळे. मला एवढेच दिसते, की करारात विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात घेण्याची गोष्ट मुद्दाम लिहावी लागली. जोडताना दुसऱ्या खांद्याची आठवण राहावी म्हणून तो नियम असावा.

शाळेत तर हा शब्द दरवर्षी माझ्यासमोर येऊन उभा राहतो. आमच्याकडच्या शाळांत दाखल-खारीज नावाची एक जाडजूड वही असते. मूल आले की दाखल, गेले की खारीज. हे दोन्ही शब्दही अरबीच, आत आणि बाहेर. धान निघाले की काही घरांतली माणसे विटांच्या भट्ट्यांवर, बांधकामांवर दूर जातात, आणि त्यांच्याबरोबर मुलेही जातात. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षणहक्काचा कायदा सांगतो, की शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात घ्यावे आणि मागे पडलेले भरून काढण्यासाठी त्याला खास शिकवावे. कायदा शहाणा आहे. पण वहीत नाव लिहिल्याने मूल वर्गात येत नाही, हे वर्गात उभा राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते.

एक मुलगी अशीच काही महिन्यांनी परत आली. तळहातांना मातीचा रंग चढलेला, केस उन्हाने भुरे झालेले. मी तिचे नाव हजेरीत घेतले. तिने ‘हजर’ म्हटले, तेही इतक्या हळू की मागच्या बाकांना ऐकू गेले नाही. जागा दाखवली तर ती भिंतीला लागून उभीच राहिली. तिच्या बाकावर आता दुसऱ्या दोघी बसत होत्या. मी काही बोलणार तोच त्यांतल्या एकीने आपले दप्तर मांडीवर घेतले, दुसरीला कोपराने ढोसले आणि दोघी मिळून सरकल्या. बाक दोघींचे होते, त्यात तिघी दाटीने बसल्या. मधल्या सुटीत पाहिले तर त्या परतलेल्या मुलीच्या वहीत आमची सुटलेली कविता कोणाच्या तरी गोल अक्षरात उतरून दिलेली होती. वहीतली नोंद मी सकाळीच केली होती. पण ती रुजू झाली ती बाक सरकला तेव्हा.

आता आमच्या गावात बैलजोड्या थोड्या उरल्या आहेत. चिखलणीला ट्रॅक्टर तासावर मिळतो, आणि माझ्या वर्गातल्या पुष्कळ पोरांनी जू फक्त पोळ्यालाच पाहिलेले असते. त्याबद्दल हळहळत बसण्यात अर्थ नाही. बैलांना विचारले असते तर त्यांनी ट्रॅक्टरच्याच बाजूने मत दिले असते. तरी त्या प्रश्न विचारणाऱ्या पोराला मी गोठ्यातले जुने जू दाखवले. एका बाजूचे लाकूड जास्त झिजले होते. तो म्हणाला, “या बाजूचा बैल जोरात ओढे वाटते.” मला वाटले, असेलही. किंवा त्या बाजूच्या बैलाला दुसऱ्याचे थोडे ओझे घ्यायची सवय असेल.

वाचकहो, हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा घराघरांत माणसे परतलेली असतील. पुण्यामुंबईच्या गाड्या गच्च भरून आल्या असतील, भाऊबिजेचे पाट मांडले जातील, वर्षभर फोनवरच बोललेली तोंडे समोरासमोर येतील. कोणी एखादा, पुष्कळ वर्षांनी, जरा बिचकतच उंबरठ्याशी उभा असेल. आत यावे की न यावे, आल्यावर बसावे कोठे, हे त्याला कळत नसेल. त्याला मागचा हिशेब विचारणारे घरात कोणीतरी असतेच. त्या हिशेबालाही कचेरीत ‘रुजवात’ म्हणतात, आणि तो शब्द रुजूचाच भाऊ आहे. पण फराळाच्या ताटाशी त्याचे काम नाही. तो हिशेब तुळशीच्या लग्नापर्यंत थांबू शकतो. तोवर आपण जरा सरकून बसावे, म्हणजे त्याला बसायला जागा होईल.